वीस मिनिटं गार, मग नुसता वारा : गाडीच्या एसीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी नऊ वर्षांची, छोटी पेट्रोल हॅचबॅक, साधा हाताने फिरवायच्या बटणांचा एसी, कॉम्प्रेसरच्या (गॅस दाबणाऱ्या पंपाच्या) तोंडाशी मॅग्नेटिक क्लच (बेल्टवरची पुली चुंबकाने कॉम्प्रेसरला जोडणारा-सोडणारा भाग) आणि गार करणारा गॅस आर-१३४ए. मालक पन्नाशीचे, नोकरी करणारे, आणि आठवड्यातून तीन दिवस ते वडिलांना डायलिसिसला घेऊन जातात. हे मुद्दाम सांगतोय, कारण सगळं प्रकरण त्या फेऱ्यांभोवतीच फिरतं. जायला पाऊण तास, तिथे गाडी चार तास उभी, मग यायला परत पाऊण तास. डायलिसिस करून आलेला म्हातारा माणूस आधीच गळून गेलेला असतो, बऱ्याचदा बीपी पण खाली आलेलं असतं, त्यात काचा बंद आणि आत उकाडा म्हटल्यावर त्यांना गाडीतच गरगरायला लागायचं. त्यामुळे एसी चालणं ही त्यांच्या घरी चैनीची गोष्ट नव्हती.

मी गाड्यांच्या एसीचंच काम करतो. माझ्याकडे यायच्या आधी गाडी दोन ठिकाणी दाखवून झाली होती. पहिल्या ठिकाणी गॅस कमी आहे म्हणून टॉपअप केला, आठवडाभरात तेच परत. दुसऱ्या ठिकाणी अजून थोडा गॅस टाकला, आणि तरी तक्रार राहिली तेव्हा सांगितलं की कॉम्प्रेसर बसलाय, अख्खा बदला. मालक कॉम्प्रेसर बदलायला तयारच होते, फक्त एकदा तिसऱ्या माणसाला विचारून बघू म्हणून आले.

अडचण नेमकी काय होती

त्यांच्या शब्दात सांगायचं तर "जाताना अर्धी वाट गार, येतानाही अर्धी वाट गार". गाडी सुरू केली की एसी एकदम झकास, वीस-पंचवीस मिनिटांनी वारा कोमट व्हायला लागतो आणि अजून पाच मिनिटांनी नुसता बाहेरच्यासारखा गरम वारा. ब्लोअर जोरातच असतो, वारा कमी होत नाही. चार तास गाडी उभी राहिली की परत सगळं नीट.

माझ्या मते या तक्रारीत सगळ्यात फसवी गोष्ट हीच आहे की गाडी थांबली की एसी आपोआप बरा होतो. म्हणजे कोणीही काहीही केलं तरी ते बरोबरच वाटणार, कारण काम करायला गाडी तासभर उभी राहते, बोनेट उघडं असतं, तेवढ्यात दुखणं गेलेलं असतं, आणि मग जो माणूस शेवटचा हात लावतो त्याचा उपाय लागू पडला असं सगळ्यांनाच वाटतं, त्याला स्वतःलाही. गॅस भरणाऱ्यांनी फसवलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी गॅस भरला, एसी गार झाला, त्यांच्या डोळ्यासमोर झाला.

पहिली भेट, आणि माझी चूक

पहिल्या दिवशी मी जे केलं ते मला आज पटत नाही. सकाळची वेळ, गाडी येऊन अर्धा तास उभी होती. बोनेट उघडलं, गेज (गॅसचा दाब मोजणारे मीटर) लावले, गाडी सुरू केली. जाळीतून येणारा वारा आठ डिग्री. क्लच पकडतोय, कंडेन्सरचा (गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या पुढच्या भागाचा) फॅन फिरतोय, केबिन फिल्टर स्वच्छ. लो साइड (कॉम्प्रेसरकडे येणारी कमी दाबाची बाजू) ४० पीएसआय (दाबाचं एकक), हाय साइड (तिथून निघणारी जास्त दाबाची बाजू) २४०. दहा-बारा मिनिटं चालवून बघितलं, सगळं ठीक, आणि मी सांगितलं की मला तरी आत्ता काही दिसत नाही, परत झालं तर या.

दोन चुका आहेत इथे. एक म्हणजे ज्या दुखण्याला वीस मिनिटं लागतात ते मी बारा मिनिटं बघितलं, तेही बोनेट उघडं ठेवून, म्हणजे आतली उष्णता बाहेर काढून देत. दुसरी चूक त्या २४० मध्ये आहे. बाहेर तापमान तीसच्या आसपास होतं, अशा वेळी या प्रकारच्या सिस्टीममध्ये मला साधारण १८० ते २०० दिसायला हवे, लो साइडला तीसच्या आसपास. दोन्ही आकडे चढे होते, आणि दोनदा गॅस टाकलाय हे मालकांनी मला आधीच सांगितलेलं, तरी मी ते दोन आणि दोन एकत्र केले नाहीत. वारा गार येतोय म्हटल्यावर गेजवरचा आकडा डोळ्याला दिसतो पण मनात उतरत नाही, असं होतं.

तीन दिवसांनी ते परत आले, वडिलांना डायलिसिसहून आणतानाच वाटेत एसी गेला म्हणून सरळ इकडे वळले. गाडी गरम होती, दुखणं चालू होतं, आणि आजोबा पुढच्या सीटवर डोळे मिटून बसले होते.

आजोबांनी सांगितलेली गोष्ट

मी काच खाली करायला सांगितली आणि सहज विचारलं, आजोबा, एसी जायच्या आधी काही वेगळं जाणवतं का? ते म्हणाले, "अरे बाळा, गाडीचा आवाज हलका होतो. मधून मधून हलका होतो, परत जड होतो, असं चालूच असतं. एकदा हलका झाला की परत जड होतच नाही. मग मी समजतो, आता गरम येणार."

सगळ्यात उपयोगाचं वाक्य हेच. चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावर असतं, शेजारी बसलेल्याला ऐकण्याशिवाय काम नसतं. क्लच पकडला की कॉम्प्रेसरचं ओझं इंजिनवर येतं, आवाज जड होतो. क्लच सुटला की ओझं उतरतं. क्लच असं सुटणं-पकडणं एरवी नॉर्मल आहे, कारण कूलिंग कॉइलवर एक सेन्सर असतो, कॉइल शून्याजवळ जायला लागली की तो कॉम्प्रेसर बंद करायला लावतो नाहीतर कॉइलवर बर्फ धरेल, आणि थोडी तापली की परत चालू. म्हणजे आजोबांच्या सांगण्याचा अर्थ असा की कॉम्प्रेसर चालता चालता मरत नाहीये, तो नेहमीसारखा सुटतोय आणि नंतर परत पकडला जात नाहीये. शोध एकदम छोट्या जागेत आला.

काय काय असू शकत होतं

सुरुवातीला गार आणि मग गरम, या तक्रारीच्या मागे बऱ्याच गोष्टी असतात आणि त्या एकमेकींपासून वेगळ्या करता येतात, घाई केली नाही तर.

गॅस कमी असेल तर कूलिंग पहिल्यापासूनच मिळमिळीत असतं आणि क्लच पटापट सुटतो-पकडतो. वीस मिनिटं झकास आणि मग ठप्प, असं सहसा होत नाही. कूलिंग कॉइलवर बर्फ धरत असेल तर वारा गरम व्हायच्या आधी कमी होतो, जाळीशी हात धरला की कळतं, आणि नंतर गाडीखाली भरपूर पाणी सांडतं. इथे वारा पूर्ण येत होता. कंडेन्सरचा फॅन गेला असेल तर गाडी सिग्नलला उभी राहिली की गरम आणि पळायला लागली की परत गार. इथे पळत असतानाही जात होता. सिस्टीममध्ये ओलावा असेल तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या (कूलिंग कॉइलमध्ये गॅस मोजका सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) बारीक भोकात पाणी गोठतं, गॅस पुढे जात नाही, पण तेव्हा कॉम्प्रेसर फिरतच असतो आणि लो साइडचा काटा पार खाली व्हॅक्यूममध्ये जातो. इंजिन जास्त तापलं तर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) स्वतःच एसी बंद करतो, पण इंजिनचं टेम्परेचर नॉर्मल होतं.

राहिलं काय, तर क्लचपर्यंत करंट पोहोचत नाही, नाहीतर पोहोचतो पण क्लच पकडत नाही. रिले (करंट जोडणारा-तोडणारा विजेचा स्विच), प्रेशर स्विच, वायर हे सगळं पहिल्या बाजूला. दुसऱ्या बाजूला फक्त क्लच.

तपासणी

आजोबांना आत पंख्याखाली बसवलं. गाडी अर्धा तास थंड होऊ दिली आणि मग मुद्दाम पहिल्यापासून सुरू केली, या वेळी बोनेट लावून. लावायच्या आधी क्लचच्या कनेक्टरला दोन बारीक प्रोब मागून घातले, लांब वायरी बेल्टपासून नीट दूर बांधून काचेतून आत घेतल्या आणि मल्टीमीटर डॅशबोर्डवर ठेवला. प्रोब क्लचच्या दोन्ही पिनांवर हवेत, एक पिनवर आणि एक बॉडीवर असं नको, कारण अर्थिंग खराब असेल तर बॉडीवर लावलेला मीटर तुम्हाला बारा व्होल्ट दाखवत राहतो आणि क्लचला प्रत्यक्षात काहीच मिळत नसतं. जाळीत थर्मामीटर खोचला.

पहिली चोवीस मिनिटं सगळं छान. वारा आठ डिग्री, मीटरवर १३.६ व्होल्ट, मधे सेन्सरने कट केलं की शून्य, परत १३.६, आणि प्रत्येक वेळी समोरून "खट्" असा आवाज. चोविसाव्या मिनिटाला शून्य झालं, काही सेकंदांनी १३.६ आलं, आणि खट् आलाच नाही. इंजिन हलकंच राहिलं. मालक माझ्याकडे बघत होते, मी मीटरकडे. थर्मामीटर अकरा, पंधरा, एकवीस असा पाचेक मिनिटांत चढला.

करंट पोहोचतोय, क्लच पकडत नाही. म्हणजे रिले, स्विच, वायरिंग, ईसीयू सगळे एका फटक्यात निर्दोष.

बोनेट उघडलं. बेल्टवर पुली गरगर फिरतेय आणि तिच्या पुढची प्लेट जागच्या जागी उभी. लांब लाकडी दांड्याने मी ती प्लेट हलकेच आत ढकलली, खट् करून पकडली आणि इंजिन जड झालं, दोन मिनिटांत वारा गार. (हे करताना बाह्या वर, गळ्यात काही लोंबतं नको, हात बेल्टजवळ अजिबात नको, आणि रेडिएटरचा फॅन कधीही आपणहून सुरू होतो हे लक्षात ठेवा. सवय नसेल तर करूच नका.)

मग इंजिन बंद करून गरम असतानाच कनेक्टर काढला आणि क्लचच्या कॉइलचा (चुंबक बनवणाऱ्या तांब्याच्या तारेच्या वेटोळ्याचा) रेझिस्टन्स मोजला, ४.५ ओहम. थंड झाल्यावर तोच ३.६. तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला साधारण ०.४ टक्के वाढतो, त्यामुळे ही वाढ म्हणजे कॉइलमध्ये बिघाड नाही, ती फक्त साठेक डिग्री जास्त तापलेली होती. पण व्होल्टेज तेवढंच आणि रेझिस्टन्स सव्वापट म्हटल्यावर करंट पावणेचार अँपियरवरून तीनवर येतो, आणि मॅग्नेटची ओढ करंटच्या वर्गावर असल्यामुळे ती जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होते.

धडधाकट क्लच एवढी घट सहन करतो. हा का नाही करत, ते फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) सांगितलं. प्लेट आणि पुलीमधली फट तीन ठिकाणी मोजली, ०.८५, ०.९० आणि ०.९५ मिलिमीटर. अशा क्लचला साधारण ०.३ ते ०.६ लागते. नऊ वर्षांत प्लेट आणि पुली दोन्ही घासून फट जवळजवळ दुप्पट झालेली, आणि फट दुप्पट झाली की ओढ ढोबळमानाने चौथाईवर येते. थंड असताना कशीबशी पुरत होती, तापल्यावर पुरेना. एकदा पकडला की फटच उरत नाही म्हणून धरून राहायचा, पण सेन्सरने एकदा सोडायला लावलं की तापलेल्या कॉइलला ती प्लेट परत ओढून घेणं जमायचं नाही. आजोबा हेच सांगत होते.

आणखी एक. क्लच पकडत नसताना एसीचं बटण चालूच ठेवलं तर कॉइलमधून करंट वाहतच राहतो, ती थंड होतच नाही. मालक वारा गरम झाला की ब्लोअर अजून वाढवायचे, एसी बंद करायचं कधी सुचलं नाही, त्यामुळे वाटेत कधीच बरा व्हायचा नाही.

जो निर्णय घ्यायचा होता

अजून गॅस टाकणं तर प्रश्नच नव्हता. अख्खा कॉम्प्रेसर बदलायचा का? यावर मी मालकांशी बराच वेळ बोललो, कारण गंमत अशी की तो सल्ला चुकीचा असूनही बरोबर ठरला असता. नवा कॉम्प्रेसर नव्या क्लचसकट येतो. बसवला असता तर एसी चालला असता आणि कॉम्प्रेसरच गेला होता असं सगळ्यांनी कायमचं मानलं असतं. पण जुना कॉम्प्रेसर दाब नीट बनवत होता, आवाज नव्हता, तेलाचा ओलसर डाग नव्हता, आणि कॉम्प्रेसर बदलायचा म्हणजे धडधाकट सिस्टीम उघडायची.

दुसरा पर्याय नुसता क्लच सेट बदलायचा, म्हणजे पुली, कॉइल, प्लेट. तिसरा सगळ्यात छोटा, प्लेटमागची शिम (अंतर राखायचा पातळ तुकडा) काढून फट कमी करायची. माझा कल तिसऱ्याकडे होता पण तीन अटींवर : प्लेट जळलेली नको, पुलीचं बेअरिंग गप्प हवं, आणि शिम काढल्यावर प्लेट कुठेही घासायला नको. यातली एक जरी मोडली तर क्लच सेट. मालकांना हे काम सुरू करायच्या आधीच सांगितलं, की नंतर "आधी एक म्हणालात आता दुसरं" असं वाटायला नको.

केलेलं काम

मधला नट काढला, प्लेट धरून हळूच बाहेर ओढली. शिमा म्हणजे पातळ वॉशरच, आणि बघणाऱ्याला पहिल्यांदा दिसतच नाहीत, प्लेटच्या आतल्या वाटीत तेलकट धुळीने चिकटून बसतात. बोटाच्या टोकाने एक निघाली, तिच्याखाली दुसरी. जाड अर्ध्या मिलिमीटरची, पातळ एक दशांशाची. प्लेटचा चेहरा घासलेला होता, एका बाजूला निळसर झाक, म्हणजे थोडं घसरणं झालेलं, पण खोल चरे नव्हते आणि रबर शाबूत होतं. पुली हाताने फिरवली, गुळगुळीत, खरखर नाही.

जाड शिम बाजूला ठेवली, पातळ परत घातली, प्लेट बसवली. फट ०.३५, ०.४० आणि ०.४५. प्लेट हाताने फिरवून कान लावून ऐकलं, कुठे घासत नव्हती.

मग जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं, गॅस मशीनने बाहेर काढून वजन केलं. बोनेटखालच्या स्टिकरवर ४८० ग्रॅम, निघाला ६१०. एकशे तीस ग्रॅम जास्त. जादा गॅसने हाय साइडचा दाब चढतो, कॉम्प्रेसर फिरवायला जड जातो, क्लचवर ताण येतो आणि तो घसरून तापतो. म्हणजे ज्या उपायाने बरं वाटत होतं तो उपायच दुखणं वाढवत होता. ती निळी झाक बहुतेक त्यातलीच.

इथे एक सांगायला हवं. एसी बंद असताना गेजवर दिसणाऱ्या आकड्यावरून गॅस किती आहे ते कळत नाही. आत थोडा जरी द्रव गॅस शिल्लक असेल तर दाब फक्त तापमानावर ठरतो, आर-१३४एचा वीस डिग्रीला साधारण ६८ पीएसआय, तीसला ९७ च्या आसपास, मग आत दोनशे ग्रॅम असो नाहीतर सहाशे. गॅस वजनावरच भरायचा. व्हॅक्यूम मारून पाऊण तास ठेवला, काटा हलला नाही, आणि मोजून ४८० भरला.

परिणाम

बोनेट लावून गाडी सत्तर मिनिटं उभ्या उभ्या चालवली. चाळीस मिनिटांनंतर मी मुद्दाम एसीचं बटण वीस वेळा बंद-चालू केलं, कारण दुखणं चालण्यात नव्हतं, परत पकडण्यात होतं, आणि तीच जागा तपासायला हवी होती. वीसच्या वीस वेळा खट्. वारा सात डिग्री, लो साइड ३०, हाय साइड १९५. गरम असताना कॉइल परत मोजली तर तेव्हाही साडेचारच्या जवळच होती. म्हणजे कॉइल अजूनही तेवढीच तापते, फक्त आता तिला पोहोचायचं अंतर अर्ध्याहून कमी आहे.

चार महिन्यांनी गाडी परत बोलावून फट मोजली, ०.४० ते ०.४५. मालकांना स्पष्ट सांगितलंय की काढायला आता फक्त एक दशांशाची शिम उरली, पुढच्या वेळी फट वाढली तर क्लच सेटच बदलावा लागेल.

परत आली तर काय वेगळं करेन

पहिला प्रश्न शेजारी बसणाऱ्याला विचारेन. पहिल्याच दिवशी बोनेट लावून गाडी दुखणं उठेपर्यंत चालवेन, मग तास लागो, आणि तेवढा वेळ नसेल तर ठीक आहे असं न सांगता दुसरी वेळ देईन. माझ्या त्या एका "काही दिसत नाही" मुळे आजोबांची अजून एक फेरी उकाड्यात गेली, हे मला लागलंय. आणि आधी कोणी गॅस टाकलाय असं कळलं तर गेज बघत बसण्यापेक्षा सरळ काढून वजन करेन.

हे सगळं क्लचवाल्या कॉम्प्रेसरचं आहे. बऱ्याच नव्या गाड्यांत क्लच नसतोच, कॉम्प्रेसर कायम फिरत राहतो आणि आतला कंट्रोल व्हॉल्व्ह त्याचं काम कमी-जास्त करतो, तिथे खट् ऐकत बसलात तर काहीच ऐकू येणार नाही आणि तपासणीही वेगळी. आर-१२३४वायएफ गॅसच्या गाड्यांना हा गॅस चालत नाही, शिवाय तो गॅस थोडाफार पेट घेणारा आहे, त्यामुळे त्यात घरगुती प्रयोग नकोत. आणि लीकेज बुजवणारं रसायन घातलेले गॅसचे डबे कुठल्याच गाडीत नकोत, ते आत जमतं आणि गॅस काढणारं मशीनही खराब करतं.

चार महिन्यांनी फट मोजायला आले तेव्हा आजोबा गाडीतच होते, डायलिसिसहून परत जात होते. मी वाकून विचारलं, काय आजोबा, आवाज कसा आहे? म्हणाले, "हलका होतो, परत जड होतो. आज मी मोजलं, घराकडे वळेपर्यंत अकरा वेळा झाला. मग झोप लागली."